मनगटावरील घड्याळाची निगा

रंकाळ्याच्या कांठीं सकाळीं फिरावयास येणाऱ्या मंडळींकडे पाहिलें असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. पूर्वीं हातांत काठी असे. आतां काठी असो वा नसो, मनगटावर पावलें मोजणारें घड्याळ असतेंच. स्मार्टवॉच म्हणा, फिटनेस बँड म्हणा, साठी उलटलेल्या गृहस्थांपासून कॉलेजांतल्या मुलींपर्यंत सर्वांस त्याची गोडी लागली आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार इतकीच कीं, ज्या घरांत पाण्याचा तांब्या रोज घासला जातो, त्याच घरांत हें यंत्र महिनेच्या महिने न पुसतां अंगावर वागविलें जातें.

जुन्या घड्याळाची गोष्ट निराळी होती. बंगळूरच्या एच्. एम्. टी. कारखान्यानें १९६१ सालीं घड्याळें करण्यास आरंभ केला. तें किल्लीचें घड्याळ रात्रीं उशाशीं काढून ठेवावें, सकाळीं किल्ली द्यावी, स्नानापूर्वीं कोनाड्यांत ठेवावें, असा क्रम असे. त्या निमित्तानें मनगटास वारा लागे. नवें घड्याळ झोपही मोजतें, म्हणून तें रात्रीं सुटत नाहीं. पाण्यास भीत नाहीं अशी त्याची ख्याति, म्हणून स्नानाच्या वेळींही सुटत नाहीं. मग घाम, साबणाचा फेस आणि तेल यांचें पुट पट्ट्याखालीं चढत जातें.

या घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं मनगटांत रक्त वाढतें, तितका प्रकाश कमी परत येतो आणि त्यावरून यंत्र नाडी मोजतें. मध्यें मळाचा थर आला कीं गणित बिघडतें. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांस डॉक्टरांनीं नाडीवर लक्ष ठेवावयास सांगितलें होतें. नरकचतुर्दशीस हातांत घड्याळ तसेंच ठेवून त्यांनीं तेल-उटणें लावून घेतलें. फराळाच्या वेळीं पाहतात तों आंकड्याच्या जागीं नुसती रेघ! घरांत हलकल्लोळ उडाला. शेजारच्या डॉक्टरांनीं येऊन मनगटावर तीन बोटें ठेवलीं व अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली. ठोके बहात्तर भरले. मग घड्याळाची पाठ पुसली आणि आंकडा परत आला. ही बोटांची विद्या घरांतील प्रत्येकास यावी. मात्र छातींत दुखत असेल, घेरी येत असेल, तर घड्याळ पुसत बसूं नये. तत्काळ डॉक्टर गांठावा.

पाण्याविषयींही गैरसमज फार. घड्याळावर पन्नास मीटर लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ तितकें खोल बुडावें असा नव्हे. तो प्रयोगशाळेंतील स्थिर दाबाचा आंकडा आहे. कडांस पाणी अडविणारीं जीं नाजूक वेष्टनें असतात, तीं काळानें, साबणानें व गरम वाफेनें झिजतात. नदींत पोहून आल्यावर चालत्या स्वच्छ पाण्याखालीं घड्याळ धरून पुसावें. बंबाच्या कढत पाण्याच्या स्नानास मात्र तें बाहेर राहूं द्यावें.

साफ करतांना प्रथम यंत्र बंद करावें व पट्टा सोडवावा. रबरी पट्टा कोमट पाण्यांत किंचित् सौम्य साबण घालून जुन्या मऊ दांतांच्या ब्रशानें धुवावा व साबणाचा अंशही राहूं न देतां खळबळावा. घड्याळाच्या अंगास साबण नको. जुन्या धोतराचा मऊ, ओलसर तुकडा पुरे. आमच्या भगिनींस एक विनंती: पितळेच्या भांड्यांची चिंच, राखुंडी वा दंतमंजन येथें आणूं नये, काचेवर ओरखडे उठतात. भोंकांत टाचणी घालण्याचा मोहही टाळावा. विजेच्या ठिपक्यांवर खारट ओल असतां यंत्र चार्जिंगला लावल्यास धातु गंजते, म्हणून तेथें कोरडें फडकें आधीं फिरवावें. वाळविणें तें सावलींत. उन्हांत आंतील बॅटरी तापते.

कातडी पट्ट्याबद्दल कोल्हापूरकरांस शिकविणें म्हणजे धाडसच. ज्या गांवच्या वहाणांस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेथें पावसाळ्यांत कातडें जपावें हें कोणास ठाऊक नाहीं? तरी तींच माणसें पट्टा घालून आषाढाच्या सरींत हिंडतात. तो केवळ ओलसर फडक्यानें पुसावा. व्यायामासाठीं निराळा रबरी पट्टा ठेवावा.

पट्ट्याखालीं कातडी लाल झाली, खाज सुटली, तर दोष बहुधा कोंडलेल्या ओलीचा व साबणाचा असतो. क्वचित् धातूंतील निकेलचा किंवा चिकट द्रव्याचा. २०१४ सालीं अमेरिकेंत फिटबिट फोर्स नांवाचा बँड अशाच पुरळाच्या तक्रारींवरून बाजारांतून परत घेतला गेला होता. तेव्हां लाली दिसतांच घड्याळ उतरवावें, कातडी पूर्ण बरी होईपर्यंत पुन्हां बांधूं नये, आणि चार दिवसांत उतार न पडला तर त्वचेच्या डॉक्टरांस मनगटाबरोबर पट्टाही दाखवावा.