श्वास मोजायला कोण आहे?

गादीखाली बसवायचा संवेदक, त्याच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रुग्णाची प्रकृती ढासळण्यापूर्वी काही तास मिळणारा इशारा! देशातील विज्ञानवार्तांमध्ये अशी बातमी आता ठरावीक अंतराने झळकते. इशारा मिळाल्यावर खाटेपाशी येणार कोण, हा प्रश्न मात्र तिच्यात नसतो.

रुग्णालयातील रुग्ण अचानक कोसळतो, ही समजूतच बहुतांशी चुकीची आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हृदयक्रिया बंद पडलेल्या 64 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी 84 टक्के रुग्णांच्या कागदपत्रांत, आधीच्या आठ तासांत, बिघाडाच्या खुणा किंवा नव्या तक्रारी लिहिलेल्या होत्या. माहिती होती, ती वाचून धावणारे कोणी नव्हते.

या खुणांत सर्वाधिक बोलका असतो श्वसनदर आणि सर्वाधिक उपेक्षितही तोच. हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते त्याचा आलेख इंग्रजी 'एस'सारखा वळणदार असून त्याचा माथा जवळपास सपाट असतो. धमनीतील ऑक्सिजनचा दाब 100 वरून 70 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत घसरला, तरी संपृक्तता साधारण 97 वरून 94 टक्क्यांवरच येते. बोटावरचा ऑक्सिमीटर फारशी कुरकुर करीत नाही. दरम्यान शरीर धापा टाकून तूट भरून काढत असते. म्हणूनच ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आखलेल्या 'न्यूज' गुणांकनात मिनिटाला 25 किंवा अधिक श्वास दिसताच थेट 3 गुण, म्हणजे एका घटकाला मिळू शकणारे कमाल गुण, दिले जातात. त्यासाठी लागते सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि एक पूर्ण मिनिट.

तेच मिनिट दुर्मीळ आहे. वॉर्डातल्या तक्त्यांवर रांगेने 18 किंवा 20 हेच आकडे आढळतात. जणू सारे रुग्ण एका तालात श्वास घेत आहेत! दोष परिचारिकेच्या माथी मारणे सोपे आहे. पण रात्रपाळीत अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणारीने सलाईन बदलायचे, औषधे द्यायची की श्वास मोजत बसायचे?

मग यंत्राला मोजू द्या, असे उत्तर येईल. मोजू द्यावे, ते काम यंत्राला जमते. भाकिताची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरात असलेले 'एपिक' कंपनीचे जंतुदोष-भाकित प्रारूप 2021 मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी पडताळले. सेप्सिसचे 67 टक्के रुग्ण त्याच्या नजरेतून निसटले, आणि तरीही दाखल रुग्णांपैकी 18 टक्क्यांबाबत त्याने घंटा वाजवली. प्रत्येक फुकट घंटेमागे धावायचे ते त्याच परिचारिकेने.

तेव्हा पुढची बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी अचूकतेच्या टक्केवारीवर थांबू नये. चाचणी कोणत्या रुग्णांवर झाली, खोटे इशारे किती, मृत्यू घटले का, हे विचारावे. आणि ज्या निविदेत रात्रपाळीतील परिचारिकांच्या संख्येचा रकानाच नाही, ती रुग्णालयांनी अपुरी म्हणून परत पाठवावी.