ईश्वराविना जीवनार्थ : आगरकरांच्या निमित्ताने



ईश्वर मानत नसाल तर जगण्याला अर्थ कोणता, हा प्रश्न नास्तिकाला हमखास विचारला जातो. जीवनाचा अर्थ बाहेरून, कोणा कर्त्याकडूनच लाभतो, असे गृहीतक या प्रश्नामागे असते. ते तपासण्यास केवळ तर्क पुरेसा नाही. ईश्वराचा आधार न घेता जगलेले एखादे आयुष्य पाहावे लागते. मराठी निबंधाच्या अभ्यासकाला त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचे आयुष्य आपल्यासमोर आहे.

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या आगरकरांचे शिक्षण अत्यंत हलाखीत झाले. एम.ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी मिळवणे त्यांना शक्य होते. तथापि पोटापुरत्या मिळकतीत समाधान मानून उरलेला काळ लोकहितासाठी वेचण्याचा संकल्प त्यांनी विद्यार्थिदशेतच आईला पत्राने कळवला होता. तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. ‘केसरी’चे संपादन, १८८८ मध्ये सुरू केलेले ‘सुधारक’, फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आणि पुढे तेथील प्राचार्यपद, हा सारा व्याप त्या संकल्पाचाच विस्तार होता.

मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांच्या प्रभावातून आगरकर अज्ञेयवादाकडे वळले. जे बुद्धीला पटत नाही त्यावर आचाराचा पाया रचू नये, ही त्यांची भूमिका होती. तिचा परिणाम काय झाला, हे बालविधवेच्या प्रश्नावरून ध्यानात येते. तिचे दुःख पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले, की पाहणाऱ्याची जबाबदारी संपते. पूर्वजन्म आणि परलोक दोन्ही बाजूला सारले, तर त्या दुःखाचे कर्ते म्हणून रूढी आणि ती पाळणारे आपणच उरतो. न्याय पुढच्या जन्मावर ढकलता येत नाही. तो याच जन्मी, माणसांनीच करावा लागतो. माझ्या मते आगरकरांच्या जगण्याला अर्थ लाभला तो या जाणिवेतून. जीवनाचा अर्थ काय, या प्रश्नाच्या जागी ‘माझ्यावर कोणाचा हक्क आहे?’ हा प्रश्न त्यांनी ठेवला.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे श्रद्धावंतही सुधारणेसाठी झटले. हा आक्षेप रास्त आहे. परोपकार ही नास्तिकांची मिरास नाही. मात्र ती आस्तिकांचीही नाही, एवढेच येथे म्हणावयाचे आहे. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. घरातले मूल दगावते तेव्हा ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द आईला सावरतात. नास्तिकाजवळ असे शब्द नाहीत. ही उणीव नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच्याजवळ असते ती केवळ माणसांची सोबत. म्हणूनच ती देण्याचे कर्तव्य त्याच्यावर अधिक पडते.

आगरकरांना तीही सोबत पुरेशी लाभली नाही. विरोधकांनी पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने देह पोखरला होता. एकोणचाळिसावे वर्षही पुरे होण्याआधी मृत्यू आला. पारलौकिक फळाची अपेक्षा न ठेवता त्यांनी लेखणी चालवली, आणि इहलोकीचे फळही त्यांच्या हाती फारसे पडले नाही. तरी ते आयुष्य निरर्थक होते, असे त्यांचे कठोर टीकाकारही म्हणू शकणार नाहीत.

आस्तिक असो वा नास्तिक, प्रत्येकाने स्वतःला विचारावे : माझ्या श्रद्धेने अथवा अश्रद्धेने माझ्या शेजाऱ्याचे दुःख मला अधिक स्पष्ट दिसते, की त्याकडे पाठ फिरवण्यास एक सोईचे कारण मिळते? जीवनार्थाची कसोटी मला तरी येथेच दिसते.