बाटलीवरचें नांव आणि पेल्यांतलें मद्य

राजारामपुरींतील एका स्नेह्यांच्या घरीं परवां रात्रीं जेवणापूर्वीं मद्यपानाचा बेत होता. यजमानांनीं देशी बनावटीच्या, परंतु विलायती नांवाच्या, व्हिस्कीची बाटली काढली. आम्हीं गोव्याहून आणलेली काजूची फेणी पुढें केली. मंडळींनीं नाकें मुरडलीं. ‘हें गांवठी आपल्याला नको,’ असा एकमतानें निकाल लागला. त्या निकालावर हें आमचें अपील आहे.

व्हिस्की म्हणजे धान्याचें मद्य. मळीच्या मद्यार्कास युरोपीय संघाचा कायदा हें नांव लावूं देत नाहीं. आपल्याकडील बहुतेक स्वस्त व्हिस्कींत मात्र तोच मद्यार्क असतो. मळी म्हणजे काय, हें कोल्हापूरकरांस आम्हीं सांगावें काय? ज्या पेल्यांत आमच्या स्नेह्यांस स्कॉटलंडच्या धुक्याचा भास झाला, त्यांत बहुधा एखाद्या साखर कारखान्याचा उरलासुरला काळा पाक अवतरला होता! ऊस वाईट नव्हे. उसाच्या मद्यास रम म्हणावें आणि ताठ मानेनें प्यावें. लाज वाटावयाची ती उसाची नव्हे, मुखवट्याची.

आतां गांवठी ठरलेल्या फेणीकडे पाहूं. उन्हाळ्यांत पिकून गळलेलीं बोंडें चिरडून रस काढतात. तो आपोआप आंबतो. भट्टींतून प्रथम उतरतो तो सौम्य हुर्राक; पुनः ऊर्ध्वपातन केलें म्हणजे शेंकडा सुमारें 42 मद्यार्काची फेणी. तिला रंग नको, उसनें नांव नको. 2009 सालीं तिला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. आणि इकडे आमच्याच जिल्ह्यांतील चंदगड-आजऱ्यास काजू पिकतो, बी बाजारांत जाते, बोंड बहुतांशीं झाडाखालीं कुजतें. तें कोणीं घरीं गाळलें, तर 1949 च्या दारूबंदी कायद्याखालीं गुन्हेगार! मळीस परवाना आणि फळास उकिरडा, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

वास उग्र, हा दुसरा आक्षेप. हिंगाची फोडणी आणि सुकट मिटक्या मारीत खाणाऱ्यांनीं तो घ्यावा, याचें नवल वाटतें. दोष वासाचा नसून घाईचा आहे. हुर्राक त्याच हंगामांत प्यावा. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची एवढी संगत त्यास पुरे. फेणी लहान पेल्यांत, थोडें पाणी घालून, घोटाघोटानें घ्यावी. सोबत खारे शेंगदाणे असावे. तांबडा रस्सा पानांत आला कीं पेला दूर सारावा. त्या तिखटापुढें कोणतेंच मद्य टिकत नाहीं.

‘एकच प्याला’चें स्मरण देणारे वाचक आम्हांस अडवतील. अवश्य अडवावें. 1919 सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या त्या नाटकानें दाखविलेला सर्वनाश आजही घरोघर घडतो, आणि जाणकार म्हणविणाराही त्यांतून सुटतोच असें नाहीं. न पिणाऱ्यांस आम्ही नमस्कारच करतों. परंतु सुधाकरानें पहिला प्याला घेतला तो अपमान विसरण्यासाठीं, चवीसाठीं नव्हे. विसरण्यासाठीं पिणाऱ्यास बाटलींत काय आहे याची पर्वा नसते. जो पितोच, त्यानें निदान काय पितों हें विचारावें. विचारणाऱ्याचा हात थोडा तरी आंखडतो.

आमच्या यजमानांस एवढीच विनंती: पुढील खेपेस बाटल्या पडद्याआड ठेवाव्या आणि पेले तेवढे समोर आणावे. मग जिभेचा जो निकाल होईल, तो आम्हांस मान्य आहे.