जादा दिवे लावण्याआधी डोळे तपासा

दिवाळी झाली, उसाचा हंगाम सुरू झाला आणि लग्नाच्या तिथी निघाल्या की आपल्याकडे रात्रीचा प्रवास वाढतो. पुण्यात नोकरी करणारा माणूस शनिवारी संध्याकाळी कामावरून सुटतो, बायकामुलांना आपल्या लहान मोटारीत बसवतो आणि वाई, जुन्नर किंवा फलटणची वाट धरतो. शहर मागे पडले की रस्त्यावरचे दिवे संपतात. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत थेट डोळ्यांत घुसतो आणि पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही. जीव मुठीत धरून माणूस घरी पोचतो, आणि तिथे कोणीतरी सल्ला देतो, "अरे, पुढे दोन जादा दिवे बसवून घे. रस्ता दिवसासारखा दिसेल." पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात असे दिवे सहज मिळतात.

आरोग्याच्या सदरात मोटारीच्या दिव्यांचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. काम आहे. "रात्री नीट दिसत नाही" ही तक्रार माणूस डॉक्टरांकडे आणण्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडे घेऊन जातो, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. माझे मत मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. जादा दिवे काही ठिकाणी उपयोगी पडतात; पण चाळिशी उलटलेल्या माणसाने ते बसवण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. पुष्कळांना मग दिव्यांची गरजच उरणार नाही.

प्रथम डोळ्याचे काम समजून घेऊ. बुबुळाच्या मधली बाहुली अंधारात मोठी होते आणि जास्त उजेड आत घेते. तरुणपणी ती सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. उतारवयात पाचच्या आसपास थांबते. शिवाय डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळसर होत जाते. परिणाम असा की साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे वय वाढले की उजेड जास्त लागतो, ही तक्रार अगदी खरी आहे.

मग जादा दिवे लावले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. ज्या भिंगातून उजेड कमी जातो तेच भिंग आलेला उजेड विखुरते. धुरकट काचेवर ऊन पडले की सगळी काच पांढरी दिसते, तसे समोरचा झोत आला की या डोळ्यांना सगळे पांढरे दिसते. पूर्ण अंधाराला सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. एका झोताने तो सराव मोडतो आणि पुन्हा दिसू लागायला वयस्कर डोळ्याला तरुण डोळ्यापेक्षा जास्त वेळ जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंद दिसले नाही तर पन्नास मीटर गाडी आंधळेपणाने चालली. तुमच्या गाडीला चार दिवे असोत की आठ, समोरून येणाऱ्या झोतावर त्यांचा काही इलाज नाही.

माझ्या एका पेशंटचे उदाहरण देतो. साठीला आलेले, निवृत्त गृहस्थ. सासवडमार्गे गावी जाणे-येणे नेहमीचे. आधी त्यांनी जास्त वॅटचे बल्ब घातले, मग बंपरवर दोन दिवे बसवले. एकदा रक्तदाब तपासायला आले असता सहज म्हणाले, "डॉक्टर, एवढा खर्च केला, पण समोरच्या दिव्याभोवती फाटे फुटल्यासारखे दिसतात ते काही जात नाही." मी त्यांना तडक नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दिवसा वर्तमानपत्र वाचता येत होते, म्हणून डोळे चांगले आहेत अशी त्यांची खात्री होती. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या खेपेला ते आपण होऊन म्हणाले, "समोरचे दिवे आता पूर्वीसारखे टोचत नाहीत."

मोतीबिंदू हे एक कारण झाले. चष्म्याचा नंबर बदललेला असणे हे त्याहून साधे कारण. थोडासा लांबचा नंबर दिवसा जाणवत नाही. रात्री बाहुली मोठी झाली की तोच त्रास देतो. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो. काचबिंदूत बाजूचे दिसणे हळूहळू कमी होत जाते आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही; दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे रंगीत कडे दिसू लागले आणि डोळा दुखू लागला तर एक दिवसही थांबू नये. रातांधळेपणा 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने येतो, तसा काही घराण्यांत आनुवंशिकही असतो. यांतल्या एकाही दुखण्यावर दिव्यांच्या दुकानात औषध मिळत नाही. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मेही घेऊ नयेत. ते थोडा उजेड अडवतात, आणि रात्री उजेडाचीच तर टंचाई असते.

इथे आम्हा डॉक्टरांविषयीही बोलले पाहिजे. वयाच्या चाळिशीनंतर वाहनाचा परवाना काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना नमुना १-अ हा वैद्यकीय दाखला लागतो. त्यावर माझ्यासारखे साधे एमबीबीएस डॉक्टर सही करतात. त्यात विचारलेले असते की, चांगल्या दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरची मोटारीची नंबरपट्टी अर्जदाराला ओळखता येते का. लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हेही विचारलेले असते. पण झोत डोळ्यांवर आल्यानंतर किती वेळाने दिसू लागते, मोतीबिंदूची सुरुवात आहे का, असे काही त्यात विचारलेले नाही. परीक्षा दिवसाची आणि गाडी चालवायची रात्री, असा हा प्रकार आहे. त्यातही अर्जदाराकडे न पाहता सही होते असे प्रकार घडतात, हे कोणाला ठाऊक नाही? माझे स्पष्ट मत आहे की पन्नाशीनंतरच्या नूतनीकरणाला नेत्रतज्ज्ञांची तपासणी सक्तीची करावी. पंचावन्ननंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतो. त्याच वेळी ही तपासणी सहज होईल. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे. बाहुली मोठी करून आतला पडदा पाहिला जातो ती खरी तपासणी. मधुमेही माणसाने ती दरवर्षी करावी. त्या दिवशी मात्र गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी, कारण थेंबांचा परिणाम काही तास राहतो.

आता दिव्यांकडे वळू. जादा दिव्यांचे दोन प्रकार असतात. धुक्याचे दिवे खाली बसतात आणि जवळचा रस्ता रुंद उजळतात. दुसरे लांब झोताचे. ताम्हिणी किंवा वरंधा घाटासारख्या निर्जन रस्त्यावर, समोरून कोणी येत नसताना, लांब झोताचे दिवे खरोखर उपयोगी पडतात हे मी नाकारत नाही. पण ते अप्परच्या वायरीला जोडलेले असावेत, म्हणजे डिपर मारताच तेही विझतील. वेगळे बटण दिले की ते बंद करायची आठवण राहत नाही, हा अनुभव आहे. धुक्यात आणि पावसात लांब झोत लावू नये. तो थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो.

लहान मोटारीच्या वायरिंगचाही विचार करावा. अनेक लहान मोटारींतला हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्या जागी १००/९० वॅटचे दोन बल्ब घातले तर अप्परवर सोळा अँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो. रिले आणि फ्यूज न घालता जोडणी केली तर स्विच तापतो, वायर वितळते आणि प्रसंगी गाडी पेट घेते. बायकामुले आत असताना असला धोका का पत्करावा?

कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला असावा. आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. नियम १११ प्रमाणे पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास, खास परवानगीचा अपवाद सोडता, मनाई आहे. मोटारींच्या आणि त्यांच्या दिव्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. दिव्याचा झोत कुठे पडावा आणि कुठे पडू नये, याचे मोजमाप असते. बाजारातल्या स्वस्त एलईडी पट्टीला असले मोजमाप नसते. ती चहूकडे उजेड फेकते.

त्या उजेडाच्या पलीकडे कोण असते? सायकलवर दूध घालायला निघालेला माणूस. डोक्यावर पदर घेऊन रस्त्याच्या कडेने चाललेली बाई. उसाची बैलगाडी हाकणारा, जिच्या मागे लाल कापडसुद्धा नाही असा गाडीवान. दुचाकीवर पोराला पुढे बसवलेला बाप. आपल्याला शंभर मीटर पुढचे दिसावे म्हणून आपण त्यांना आंधळे करतो. आणि आंधळा झालेला दुचाकीस्वार आपल्याच गाडीवर येऊन आदळतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. केंद्र सरकारच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते की सर्वाधिक अपघात मध्यरात्री होत नाहीत, ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत होतात. त्या वेळी रस्ता माणसांनी भरलेला असतो, उजेड-अंधाराची सरमिसळ असते आणि चालवणारा दिवसभराच्या कामाने दमलेला असतो. त्या गर्दीत लांब झोत कोणाच्याच भल्याचा नाही.

मग करावे काय? बहुतेक उपाय फुकटात होणारे आहेत. समोरची काच बाहेरून पुसतात, आतून कोणी पुसत नाही. आतल्या तेलकट थरानेच दिवे फाकतात. चष्म्याची काचही त्याच फडक्याने न पुसता स्वच्छ धुवावी. दिव्याचे प्लॅस्टिक पिवळे पडले असेल तर ते पॉलिश करून घ्यावे किंवा बदलावे; नवे दिवे बसवण्यापेक्षा हे स्वस्त पडते. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपर लावावा. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान भरले की लहान गाडीचे नाक वर होते आणि डिपरचाही अप्पर होतो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ झोत खाली घेण्याची लहान चकती असते. ती कशासाठी आहे, हे गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या आणि वापरा.

झोत समोर आला तर त्याच्याकडे पाहू नये. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवून वेग कमी करावा. समोरचा डिपर देत नाही म्हणून आपणही अप्पर ठेवणे म्हणजे एकाऐवजी दोन आंधळे एकमेकांसमोर येणे. आणि वेगाचा हिशेब कायम लक्षात ठेवावा. ताशी ६० किलोमीटरला ब्रेक मारायचे सुचून गाडी थांबेपर्यंत साधारण ४५ मीटर लागतात. ८० ला सुमारे ७० मीटर. डिपरमध्ये स्पष्ट दिसते ते साधारण पन्नास-साठ मीटर. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर साठच्या पुढे गेलात की दिसलेली वस्तू टाळण्याइतके अंतर तुमच्या हातात उरत नाही. सर्दीच्या गोळ्या घेऊन रात्री गाडी चालवू नये; त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

वाचकहो, गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख आपण डायरीत लिहून ठेवतो. डोळ्यांची शेवटची तपासणी कधी झाली, ते आज घरात एकमेकांना विचारा. तारीख आठवत नसेल तर दिव्यांसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी तेवढा खर्च करा. त्यानंतरही निर्जन घाटरस्त्यासाठी दिवे हवेच असतील तर मान्यताप्राप्त घ्या, रिले घालून जोडा, आणि समोर कोणी दिसताच विझवा.