गरिबी होती, पण...

‘गरिबी होती, पण घरात प्रेम होतं.’ हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकं फिरतं. लग्नकार्यात, श्राद्धाला, कुणाच्या पंच्याहत्तरीला चार म्हातारी माणसं एकत्र जमली की ते निघतंच. रविवारच्या पुरवणीत तर कुणीतरी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेला असतोच, आणि त्याच्या आईने स्वतः उपाशी राहून मुलांना वाढलेलं असतं. आपले डोळे पाणावतात, आपण पान उलटतो. मला या वाक्यातल्या ‘पण’शी भांडायचंय. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते.

माझं म्हणणं एवढंच, की गरिबी उंबऱ्याबाहेर चपला काढून थांबत नाही. ती आत येते आणि घरातली माणसं ती वाटून घेतात. ही वाटणी कधीच सारखी होत नाही. कुणाच्या वाट्याला किती आली हे जे पुस्तक सांगतं, ते मला गरिबीबद्दलचं खरं पुस्तक वाटतं. बाकीची नुसती रडवतात.

‘श्यामची आई’च घ्या ना. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. आपण सगळ्यांनीच शाळेत असताना वाचलंय आणि रडलोय. १९५३ मध्ये अत्र्यांचा सिनेमा आला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि ‘श्यामची आई’ म्हणजे आईची माया हे समीकरण पक्कं झालं. पण आता मोठेपणी त्यातल्या शेवटच्या काही रात्री पुन्हा वाचून बघा. खोताचं खातंपितं घर, भाऊबंदकी, वाटणी, कर्ज, सावकाराचा तगादा, आणि शेवटी गावात दवंडी. पैशाचे व्यवहार सगळे पुरुषांचे. सावकाराच्या माणसाचे जिव्हारी लागणारे शब्द ऐकायची वेळ मात्र तिच्यावरही येते. गुरुजींनी यातलं काही लपवलेलं नाही. आपणच मातृप्रेम तेवढं उचललं आणि कर्ज तिथेच सोडून दिलं. आईला देव्हाऱ्यात बसवलं की तिला कुणी आणि का झिजवलं हे विचारावं लागत नाही!

आता दुसऱ्या टोकाची पुस्तकं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने काढलं. त्यात गावकीतली महारकी आहे, मुंबईतला कावाखाना आहे, आणि घरही आहे. बापाचं पिणं, आईचे कष्ट, लेखकाचं स्वतःचं मोडलेलं पहिलं लग्न, सगळं. पांढरपेशे वाचक हादरले हे तर झालंच, पण घरचा उकिरडा चव्हाट्यावर कशाला आणायचा, असं त्यांच्या स्वतःच्या समाजातूनही त्यांना ऐकावं लागलं. मला हा आक्षेप समजतो. ज्या समाजाला बाहेरून सतत नावंच ठेवली गेली, त्याला आपल्या घराचं दार उघडून दाखवणं किती जड जात असेल! म्हणून तर ज्यांनी ते उघडलं त्यांच्याबद्दल मला जास्त आदर वाटतो.

आणि बायकांनी लिहायला घेतलं तेव्हा ते दार सताड उघडलं. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. एक छोटं दुकान चालवणारी, पुड्या बांधायच्या रद्दीतून वाचत राहिलेली ही बाई. तिने आपलं लिखाण नवऱ्यापासून आणि मुलापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं. नवरा संशयी होता, मारायचा, हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे अन्यायाबद्दल लिहायलाही घरातच चोरी!

त्या पुस्तकात महारवाड्यातल्या सुनांचं जे वर्णन आहे ते वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. आठ-दहा वर्षांच्या पोरी, पहाटेच्या अंधारात दळायला बसलेल्या. सासूचा जाच. पळून गेली तर धरून आणायचं, पायात लाकडाचा खोडा घालायचा. नाक कापण्यापर्यंत मजल. पण बेबीताई नुसतं ‘बघा, किती छळ’ असं सांगून थांबत नाहीत. ते कुठून येतं तेही सांगतात. गावाने ज्याला सगळ्यांच्या पायाखाली ठेवलं, त्यालाही कुणावर तरी हुकूम चालवावासा वाटतो, आणि हाताशी असते फक्त घरात आलेली परक्याची पोर. हे मला कुठल्याही जाडजूड समाजशास्त्राच्या पुस्तकाने इतकं स्वच्छ समजावलं नव्हतं.

उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) याच वाटेवरचं. कोकणातलं घर, वडील गेलेले, आई बांबूची सुपं-टोपल्या विणून मुलांना वाढवतेय. लहानगी उर्मिला ती आयदानं घरोघर पोचवायची. दारातच उभं राहायचं. घेणारी बाई त्यावर पाणी शिंपडून मगच हात लावणार, आणि पैसे वरून टाकणार. हे वाचलं की ‘आमच्याकडेही गरिबीच होती हो’ असं म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी जरा गप्प बसावं. माझे आजोबा फाटकं धोतर नेसायचे हे खरं, पण त्यांनी हात लावलेल्या वस्तूवर कुणी पाणी शिंपडलं नाही. शिवाय उर्मिलाताई तिथे थांबत नाहीत. पुढे शिकून, नोकरी लागून, मुंबईत संसार थाटल्यावरही पगार नवऱ्याच्या हातात ठेवण्यात कशी धन्यता वाटायची, आणि एम.ए. करायचं म्हटल्यावर घरातलं वारं कसं फिरलं, तेही लिहितात. गरिबी गेली, वाटणी तशीच राहिली.

आता आमच्या घराचं. (काका, रागावू नका.) आमची आजी सगळ्यांत शेवटी जेवायची. पातेल्याची खरवड आणि उरलं असेल तर ताक. ही गोष्ट आमच्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. सोबतची दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. दोन्ही काका पुण्याला शिकायला गेले आणि आत्याची शाळा सातवीत सुटली. गणितात ती दोघांच्याही पुढे होती. पैसे दोघांपुरतेच होते, मान्य. पण ते दोघे कोण, हे पैशाने ठरवलं नव्हतं. ते घराने ठरवलं होतं. आत्याला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, ‘लिही. पण दादांना दुष्ट करू नकोस.’ आजोबा दुष्ट नव्हतेच. आत्यावर त्यांचा जीव होता. म्हणूनच ‘पण घरात प्रेम होतं’ एवढ्याने माझं समाधान होत नाही. प्रेम होतंच, आणि ते असतानाच तिची शाळा सुटली.

मला हमखास ऐकवलं जातं, की ही पुस्तकं म्हणजे रडगाणी, काहीतरी पॉझिटिव्ह वाच. ज्यांना रडगाणं वाटतं त्यांनी ती वाचलेलीच नाहीत असा माझा संशय आहे. ‘जिणं आमुचं’मध्ये पोतराज आहेत, आषाढातला सण आहे, पोराटोरांची धमाल आहे, आणि बाबासाहेबांचं ऐकून उभ्या राहिलेल्या बायका आहेत. मला उलट रविवारच्या पुरवणीतलं ते कंदिलाचं वाङ्मयच निराश करतं. त्यात एक मुलगा वर येतो आणि बाकीचे त्याच्यासाठी हसत हसत झिजतात. झिजणाऱ्यांचं म्हणणं काय होतं, ते कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप, असं लिहून कुटुंबसंस्थेवरचा विश्वास उडतो. अहो, इतक्याने उडणारा विश्वास किती टिकाऊ म्हणायचा? बेबीताईंनी इतकं सोसून घर सोडलं नाही, मुलं वाढवली, शिकवली. त्यांना घर नको होतं असं मला कुठेच दिसलं नाही. घरातही माणसासारखं वागवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या घरगुती समारंभात कुणी ‘गरिबी होती, पण...’ सुरू केलं तर त्यांना मध्येच थांबवा आणि विचारा, शाळा कुणाची सुटली? उत्तर देणारं माणूस बहुधा स्वयंपाकघरात असेल. तिला बाहेर बोलवा, बसायला खुर्ची द्या आणि तिचं ऐका.

असो. भांडायचं असेल त्यांनी जरूर भांडा. फक्त त्याआधी ‘जिणं आमुचं’ वाचा. छोटंसं पुस्तक आहे. माझी प्रत सध्या आत्याकडे आहे, तिचं झालं की ज्याला हवी त्याला देईन.