मैदानावरची पाटी

वाचकहो, वस्तीतले मैदान गेले की काय जाते, हे आम्ही जाणतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील जुन्या रहिवाशांनाही एबेट्स फील्डची अशीच हळहळ. याच मैदानावर १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला आणि बड्या बेसबॉल संघांतील वर्णबंदी मोडली. तेथील धावफलकावर ब्रुकलिनच्याच शेफर बिअरची पाटी होती. तिच्या इंग्रजी नावातले ‘एच’ अक्षर उजळले की फटका, ‘ई’ उजळले की क्षेत्ररक्षकाची चूक! (दारूची जाहिरात आम्हाला रुचत नाही; पण युक्ती नामी.) १९५७ च्या हंगामानंतर संघ लॉस एंजेलिसला गेला, १९६० मध्ये मैदान पाडले. शेफरचा तिथला कारखानाही १९७६ मध्ये बंद पडला. मैदानाच्या जागी उंच इमारती झाल्या. त्यांच्या आवारात पाटी लागली : चेंडू खेळण्यास मनाई.