विष तेच, औषधही तेच

१९५७ साली पश्चिम जर्मनीत ‘थॅलिडोमाइड’ नावाची झोपेची गोळी विक्रीस आली. ती निर्धोक असल्याची ग्वाही मिळाल्याने गर्भवती स्त्रियांनीही ती विश्वासाने घेतली. १९६१ च्या अखेरीस ती बाजारातून काढून घेतली जाईपर्यंत हजारो अर्भके हात-पाय खुंटलेली जन्मास आली होती. असल्या औषधाचे नावही पुन्हा घेऊ नये, असे कोणी म्हटले असते तर त्यास दोष देता आला नसता. तथापि आज तेच औषध व त्याच्याच कुळातील ‘लेनालिडोमाइड’ ही ‘मल्टिपल मायलोमा’ या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर दिली जातात. हे घडले कसे?

पेशीतील निकामी प्रथिनांवर ‘युबिक्विटिन’ची खूण लावली जाते आणि खूण लागलेल्या प्रथिनांचे तुकडे केले जातात. ही व्यवस्था उलगडणाऱ्या सिएशानोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थॅलिडोमाइड ज्याला चिकटते ते ‘सेरेब्लॉन’ खूण लावणाऱ्या यंत्रणेचाच भाग आहे, हे २०१० साली जपानी संशोधकांनी दाखविले. औषध चिकटताच या यंत्रणेचा नेम बदलतो आणि मायलोमाच्या पेशी ज्यांवर जगतात ती प्रथिने नष्ट होतात. गर्भाच्या अवयवांच्या वाढीस आवश्यक असे एक प्रथिनही याच मार्गाने नष्ट होते, हे २०१८ साली दिसून आले. विष व औषध ही एकाच कृतीची दोन फळे होत!

आजवरची बहुतेक औषधे प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचे काम अडवितात. जेथे खाच नाही तेथे वैद्यक हतबल होत असे. २००१ साली क्रेग क्रूज व रेमंड डेशेज यांनी, एका टोकाने नको असलेले प्रथिन आणि दुसऱ्या टोकाने खूण लावणारी यंत्रणा धरणारा रेणू घडविला. अशा द्विमुखी रेणूंच्या चाचण्या आता कर्करोग्यांवर होत आहेत.

या यशाचे गोडवे गाताना दोन गोष्टींचा विसर पडू नये. युबिक्विटिनचा शोध कर्करोगावरील औषधासाठी लागलेला नव्हता. पेशीत काय चालते, हे कुतूहलच त्याच्या मुळाशी होते. ‘तात्काळ उपयोग काय?’ असे विचारून जो समाज संशोधनाची थैली आवळतो, तो उद्याचे औषध आजच गमावतो. दुसरे असे की, १९६० साली अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून थॅलिडोमाइडचा परवाना रोखून धरला आणि त्या देशातील बालके मोठ्या अनर्थातून वाचली. अशा कठोरपणास लालफीत म्हणून हिणविणारे आजही आहेत. परंतु जो रेणू पेशीतील प्रथिनच नाहीसे करतो, तो आणखी काय काय नाहीसे करील, हे नीट कळेपर्यंत धीर धरणे हाच रुग्णाप्रती खरा प्रामाणिकपणा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.